'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड' वारंवार येतो? पडताळणी बंद न करता तो कसा घालवायचा, आणि आपल्या सॉफ्टवेअरचं डिफॉल्ट काय ठेवायचं

घरच्या इंटरनेटवर पिप, गिट, एनपीएम ही कोड आणि पॅकेजं आणणारी टूल्स सुरळीत चालतात. तोच लॅपटॉप नागपुरात हिंगणा रोडवरच्या कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मिहानमधल्या ऑफिसच्या नेटवर्कवर लावला की एरर येतो: 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड: अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट'. ग्रुपवर विचारलं की लगेच उत्तर येतं, "व्हेरिफाय फॉल्स करून टाक ना भाऊ, होऊन जाते." आणि खरंच होऊन जातं. पण ती ओळ कोडमध्येच राहते, कोड सर्व्हरवर जातो, पुढच्या बॅचचा प्रोजेक्ट तोच कोड उचलतो. जूनमध्ये कॉलेज उघडलं किंवा फायरवॉलचं, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवर रहदारी तपासणाऱ्या यंत्रणेचं, सर्टिफिकेट बदललं की पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर.

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. त्याच्या पडताळणीत तीन वेगळ्या गोष्टी तपासल्या जातात. सर्टिफिकेटवर सही करणाऱ्यांची साखळी आपल्या विश्वासू यादीतल्या एखाद्या रूटपर्यंत, म्हणजे मूळ सर्टिफिकेटपर्यंत, पोचते का, सर्टिफिकेटमधलं नाव आणि आपण उघडलेलं नाव एकच आहे का, आणि आजची तारीख त्याच्या मुदतीत बसते का. बिघाड बहुतेक वेळा यांपैकी एकाच ठिकाणी असतो. पायथनच्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीत व्हेरिफाय फॉल्स केलं की तिन्ही तपासण्या जातात. एन्क्रिप्शन राहतं, पण ते कोणाशी चाललंय हे कोणी पाहत नाही. पाकीट लाखेनं सीलबंद करायचं आणि दार उघडेल त्याच्या हातात द्यायचं, असा तो प्रकार.

आधी नेमकं काय मोडलंय ते बघा

मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तीच कमांड पुन्हा चालवा. हॉटस्पॉटवर चालली आणि लॅबच्या नेटवर अडली, तर मधला फायरवॉल कारण आहे. दोन्हीकडे अडली, तर दोष समोरच्या सर्व्हरचा किंवा तुमच्या मशीनचा. मग ही कमांड द्या (इथल्या सगळ्या कमांड आणि नावं टाइप करताना इंग्रजी अक्षरांत):

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट गिटहब.कॉम:४४३ -सर्व्हरनेम गिटहब.कॉम -शोसर्ट्स

आउटपुटमध्ये प्रत्येक सर्टिफिकेटच्या दोन ओळी दिसतात: 'एस' म्हणजे ते कोणाचं, 'आय' म्हणजे ते कोणी दिलं. 'आय'च्या ओळीत ओळखीच्या सर्टिफिकेट कंपनीऐवजी फायरवॉलचं किंवा संस्थेचं नाव दिसलं, तर पुढे शोधायची गरज नाही. शेवटी 'व्हेरिफाय रिटर्न कोड' येतो. २० म्हणजे सही करणारा तुमच्या यादीत सापडला नाही. २१ म्हणजे सर्व्हरनं एकटंच सर्टिफिकेट पाठवलं आणि साखळी जुळली नाही. १८ म्हणजे स्वतःच स्वतःला सही केलेलं, १९ म्हणजे साखळीच्या टोकाला अनोळखी रूट. १० म्हणजे मुदत संपलेली, ९ म्हणजे मुदत अजून सुरूच व्हायची.

या कमांडच्या दोन खोडी आहेत. पडताळणी फसली तरी ती जोडणी तोडत नाही, त्यामुळे 'कनेक्टेड' दिसलं म्हणून खूश होऊ नका. आणि नाव ती आपणहून तपासत नाही. त्यासाठी शेवटी '-व्हेरिफाय_होस्टनेम गिटहब.कॉम' जोडावं लागतं, तेव्हा कुठे नाव न जुळल्याचा ६२ नंबरचा कोड दिसतो.

फायरवॉल मध्ये बसलाय

कॉलेज आणि कंपन्यांचे फायरवॉल एचटीटीपीएस उघडून पाहतात. गिटहबचं खरं सर्टिफिकेट फायरवॉलपाशीच थांबतं आणि तो स्वतःच्या रूटनं सही केलेलं, त्याच नावाचं दुसरं सर्टिफिकेट तुम्हाला देतो. लॅबच्या विंडोज मशीनवर ब्राउझर कुरकुर करत नाही, कारण अ‍ॅडमिननं ते रूट आधीच विंडोजच्या यादीत टाकलेलं असतं. पायथनचं रिक्वेस्ट्स मात्र ती यादी बघतच नाही, ते सर्टिफाय नावाच्या पॅकेजमधली स्वतःची यादी वाचतं. "ब्राउझरमध्ये तर चालते, मग इथे काऊन नाही?" याचं उत्तर एवढंच आहे.

उपाय म्हणजे ते रूट आपल्या यादीत घालणं. ते अ‍ॅडमिनकडून मागा आणि त्याचा एसएचए-२५६ फिंगरप्रिंट (सर्टिफिकेटवरून काढलेला ओळखीचा आकडा) प्रत्यक्ष किंवा फोनवर जुळवून घ्या. एस_क्लायंटच्या आउटपुटमधून सर्टिफिकेट कापून सरळ विश्वासू यादीत चिकटवू नका. ज्याच्यावर शंका आहे त्याचंच ओळखपत्र त्याच्याकडूनच घेऊन खरं मानण्यासारखं ते होईल.

उबुंटू किंवा डेबियनवर ती फाइल '/यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स/' या फोल्डरमध्ये ठेवा आणि सुडोनं 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवा. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे: फाइलचं एक्स्टेन्शन '.सीआरटी'च हवं. '.पीईएम' नावाची फाइल कमांड गुपचूप सोडून देते, एररही देत नाही. फाइलच्या आत मात्र पीईएम मजकूरच लागतो, म्हणजे 'बिगिन सर्टिफिकेट'नं सुरू होणारा. विंडोजमधून एक्सपोर्ट केलेली फाइल बहुधा डीईआर प्रकारची बायनरी असते, ती आधी ओपनएसएसएलच्या 'एक्स५०९' कमांडनं बदलून घ्या. सगळं नीट झालं तर शेवटी '१ अ‍ॅडेड' दिसतं. शून्य दिसलं तर एक्स्टेन्शन पुन्हा बघा. फेडोरावर फोल्डर '/ईटीसी/पीकेआय/सीए-ट्रस्ट/सोर्स/अँकर्स/' आणि कमांड 'अपडेट-सीए-ट्रस्ट'.

एवढ्यानं लिनक्सवरचे कर्ल, वीगेट आणि गिट मार्गी लागतात. बाकीच्यांची तऱ्हा वेगळी.

पिप २४.२ पासून, पायथन ३.१० किंवा पुढचं असेल तर, सिस्टिमची यादी आपणहून वापरतं. म्हणून आधी पिप अपडेट करा. ते अपडेटच अडत असेल तर एकदाच '--सर्ट' ऑप्शनला सिस्टिमच्या एकत्रित फाइलचा पत्ता द्या: '/ईटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी'. रिक्वेस्ट्ससाठी 'रिक्वेस्ट्स_सीए_बंडल' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येही हाच पत्ता. इथे एकट्या फायरवॉलच्या रूटची फाइल देऊ नका. हे व्हेरिएबल यादीत भर घालत नाही, अख्खी यादी बदलतं. मग लॅबमध्ये चालतं आणि घरी गेलं की सगळंच बंद पडतं.

नोडचं उलट आहे. 'नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स' भर घालतं, त्यामुळे तिथे एकटं रूट दिलेलं चालतं. पण ते प्रोसेस सुरू होतानाच वाचलं जातं, कोडच्या आतून सेट करून उपयोग नाही. विंडोजवरच्या गिटला 'एचटीटीपी.एसएसएलबॅकएंड'ची किंमत 'एसचॅनल' दिली की तो विंडोजची यादी पाहू लागतो. जावाची यादी तिसरीच, 'सीएसर्ट्स' नावाच्या फाइलमध्ये. तिच्यात कीटूलच्या '-इम्पोर्टसर्ट'नं भर घालता येते आणि तिचा मूळ पासवर्ड 'चेंजइट' असतो, जो बदलायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. डॉकरच्या कंटेनरला होस्टच्या यादीचा पत्ताच नसतो. इमेज बनवतानाच फाइल कॉपी करून आत 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवावं लागतं, आणि अल्पाइनवर त्याआधी 'सीए-सर्टिफिकेट्स' पॅकेज टाकावं लागतं. कॉलेजचं रूट घातलेली इमेज मात्र क्लायंटच्या सर्व्हरवर पाठवू नका.

एक सावधगिरी. ते रूट यादीत असेल तोवर त्याची खाजगी किल्ली ज्याच्याकडे आहे तो तुमचा कोणताही एचटीटीपीएस व्यवहार उघडू शकतो. स्वतःच्या लॅपटॉपवर ते व्हर्च्युअल मशीनपुरतं किंवा त्या-त्या टूलपुरतं ठेवा, आणि कॉलेज सुटलं की काढून टाका.

सर्व्हर अर्धीच साखळी पाठवतोय

हॉटस्पॉटवरही एरर, कोड २१, आणि ब्राउझरमध्ये साइट मात्र झकास. इथे दोष सर्व्हर लावणाऱ्याचा. त्यानं स्वतःचं सर्टिफिकेट चढवलं, त्याला रूटशी जोडणारं मधलं चढवलं नाही. क्रोम ते मधलं सर्टिफिकेट स्वतः शोधून आणतो, फायरफॉक्सकडे मधल्यांचा साठा असतो. कर्ल आणि पायथन अशी शोधाशोध करत नाहीत, त्यांनी ती करायलाही नको.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये 'एसएसएल_सर्टिफिकेट'ला 'सर्ट.पीईएम' नव्हे, 'फुलचेन.पीईएम' द्या. अपाचे २.४.८ पासून साखळी त्याच 'एसएसएलसर्टिफिकेटफाइल'मध्ये बसते. क्रम असा: आधी आपलं, मग मधलं. रूट पाठवायची गरज नाही. नंतर सर्व्हर रीलोड करा. सर्टबॉट या आपोआप सर्टिफिकेट आणणाऱ्या टूलनं सर्टिफिकेट नवं करूनही साइट जुनंच दाखवते तेव्हा कारण बहुतेक हेच असतं: फाइल बदलली, सर्व्हरनं ती पुन्हा वाचलीच नाही. रीलोडची कमांड '--डिप्लॉय-हुक'मध्ये घालून ठेवा. हे आता टाळून चालणार नाही. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे. हातानं सर्टिफिकेट चढवायचे दिवस संपले.

तारीख

लॅब एप्रिल-मेमध्ये बंद, मेन स्विच खाली, आणि बोर्डावरचं घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल मेलेला. जूनमध्ये मशीन चालू केलं की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि प्रत्येक साइटवर कोड ९ येतो. 'टाइमडेटसीटीएल' चालवून बघा. 'सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड: नो' असेल तर फायरवॉलनं यूडीपी १२३ हे पोर्ट अडवलंय का ते विचारा, घड्याळ त्याच पोर्टवरून जुळतं; किंवा लॅबमध्येच वेळ पुरवणारा एक एनटीपी सर्व्हर ठेवा. सेल बदलायला विसरू नका.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असतील तर घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी हुकतं. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ लिहितो, विंडोज तेच भारतीय वेळ समजून वाचतो आणि साडेपाच तास मागे पडतो. जुन्या सर्टिफिकेटला त्यानं फरक पडत नाही. पण मोफत सर्टिफिकेटं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सर्टिफिकेटची सुरुवात फक्त एक तास मागची टाकते, म्हणून आज सकाळीच नवं झालेलं सर्टिफिकेट दुपारपर्यंत 'अजून लागू नाही' ठरतं आणि नंतर आपोआप बरं होतं. असा आपोआप जाणारा एरर दिसला की आधी घड्याळ बघा. लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की दोघांचं जमतं.

फार जुन्या मशीनचं दुखणं आणखी वेगळं. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीमागचं जुनं डीएसटी रूट एक्स३ संपलं आणि ओपनएसएसएल १.०.२ असलेली मशीनं अडली. नवं रूट यादीत असूनही ती आवृत्ती जुन्याच वाटेनं जाते. 'सीए-सर्टिफिकेट्स' पॅकेज अपडेट करून जुनं रूट यादीतून काढा. जमत असेल तर ते मशीनच बदला.

घरचंच सर्टिफिकेट, नावाचा घोळ

ऑफिसमधल्या १९२.१६८.१.१० वर गिट सर्व्हर, त्याला हातानं बनवलेलं सर्टिफिकेट, आणि नाव फक्त 'कॉमन नेम'मध्ये. क्रोमनं २०१७ मध्ये ५८ व्या आवृत्तीपासून आणि गो भाषेनं २०२० मध्ये १.१५ पासून कॉमन नेम बघणं सोडलं. नाव 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम'मध्येच हवं, आणि आयपी पत्ता असेल तर तिथे तो 'आयपी' या प्रकारानं लिहायला हवा, 'डीएनएस' प्रकारानं लिहिलेला चालत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ नं आणखी आवळलं. 'क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्ट' आता कडक नियम लावतो, त्यामुळे कालपर्यंत चाललेली सर्टिफिकेटं 'मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर' किंवा 'बेसिक कन्स्ट्रेंट्स ऑफ सीए सर्ट नॉट मार्क्ड क्रिटिकल' म्हणून अडतात. सर्टिफिकेट नव्यानं बनवा: रूटला 'बेसिक कन्स्ट्रेंट्स' क्रिटिकल आणि 'सीए: ट्रू', 'की यूसेज'मध्ये 'की सर्ट साइन', सोबत 'सब्जेक्ट की आयडेंटिफायर', खालच्या सर्टिफिकेटला 'ऑथॉरिटी की आयडेंटिफायर' आणि नावं. सर्टिफिकेट फायरवॉलकडून येत असेल आणि तुमच्या हाती काही नसेल, तर कॉन्टेक्स्टच्या 'व्हेरिफाय_फ्लॅग्स'मधून फक्त 'व्हेरिफाय_एक्स५०९_स्ट्रिक्ट' हा एक फ्लॅग काढा. साखळी, नाव, तारीख तिन्ही तपासण्या जागेवर राहतात. नुसत्या डेव्हलपमेंटसाठी एमकेसर्ट हे सर्टिफिकेट बनवणारं टूल वापरा, हे सारं हातानं लिहायचा ताप वाचतो.

तुम्ही टूल लिहिताय? मग डिफॉल्ट ठरवा

वरचे उपाय माहीत असूनही लोक बंदच का करतात? कारण बहुतेक टूल्समध्ये बंद करणं एका शब्दाचं काम असतं आणि नीट करणं सात पायऱ्यांचं. हा दोष टूल बनवणाऱ्याचा आहे, आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कपासून कॉलेजच्या फायनल इयर प्रोजेक्टपर्यंत नागपुरातही टूल बनवणारे कमी नाहीत.

डिफॉल्ट चालूच हवं. यावर आता वाद उरलेला नाही, पण इथवर यायला वेळ लागला. कर्लनं ते २००२ मध्ये ७.१० पासून केलं, वीगेटनं १.१० पासून, पीएचपीच्या स्ट्रीम्सनी २०१४ मध्ये ५.६ पासून, पायथननं २०१४ च्या डिसेंबरात २.७.९ पासून. त्याआधी पायथनचं एचटीटीपीएस कोणतंही सर्टिफिकेट मुकाट्यानं घ्यायचं आणि हजारो स्क्रिप्ट्स सुरक्षित समजून चालत होत्या. कडक डिफॉल्ट चुकलं तर कोणीतरी ओरडतं. सैल डिफॉल्ट चुकलं तर कोणाला कळतच नाही.

डेटाबेसवाले अजूनही सैल आहेत. पोस्टग्रेसच्या क्लायंटचं 'एसएसएलमोड' मुळात 'प्रिफर' असतं, म्हणजे जमलं तर एन्क्रिप्शन आणि पडताळणी नाही. 'रिक्वायर' हा शब्द भारदस्त वाटतो, पण रूटची फाइल जागेवर नसेल तर तोही सर्टिफिकेट तपासत नाही. हवं ते 'व्हेरिफाय-फुल'. पोस्टग्रेस १६ पासून 'एसएसएलरूटसर्ट'ला 'सिस्टिम' दिलं की सिस्टिमची यादी लागते आणि 'व्हेरिफाय-फुल'च सक्तीचं होतं. मारियाडीबीनं ११.४ मध्ये पडताळणी डिफॉल्ट चालू केली.

कोड लिहिताना खालच्या थरावर भरवसा ठेवू नका. ओपनएसएसएल थेट वापरत असाल तर क्लायंटचं डिफॉल्ट 'व्हेरिफाय_नन' आहे, आणि नाव तपासायला १.१.० पासूनचं 'एसएसएल_सेट१_होस्ट' वेगळं बोलवावं लागतं. पीएचपीतून कर्ल वापरताना 'व्हेरिफायहोस्ट'ची बरोबर किंमत २. बरेच जण तिथे 'ट्रू' लिहीत, त्याचा अर्थ १ व्हायचा आणि नाव जुळतंय की नाही हे बघितलंच जात नसे. शेवटी २०१२ मध्ये कर्लनं १ ही किंमत नाकारायला सुरुवात केली. ऑप्शनची रचना फसवी असली की चांगल्या हेतूचा माणूसही फसतो.

म्हणून '--सीए-फाइल' सारखा ऑप्शन पहिल्याच आवृत्तीत द्या आणि 'एसएसएल_सर्ट_फाइल' हे व्हेरिएबल पाळा. नुसतं चालू-बंदचं बटण दिलंत तर लोक बंदच करणार. बंद करायची सोय द्यायचीच तर ती एका होस्टपुरती द्या, कॉन्फिग फाइलमध्ये साठू देऊ नका, नाव 'इनसिक्युअर' असं उघडं ठेवा आणि दर वेळी इशारा छापा. एररमध्ये होस्ट, सही करणाऱ्याचं नाव, तीनपैकी काय फसलं आणि रूट कसं घालायचं हे सांगा. जुन्या कर्लचा एररच '-के' वापरा म्हणून सुचवायचा. लोकांनी तेवढंच वाचलं.

यादी कोणाची, हाही डिफॉल्टचाच भाग आहे. टूलसोबत स्वतःची यादी दिली की ती शिळी होते आणि अ‍ॅडमिननं घातलेलं रूट तिला दिसत नाही. आमचं मत सिस्टिमच्या यादीच्या बाजूनं. तरी तीही डोळे झाकून घ्यायची गोष्ट नव्हे. जुलै २०१४ मध्ये आपल्याच एनआयसीच्या (सरकारी राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या) मधल्या सर्टिफिकेटांतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली. भारताच्या सीसीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवरच्या सरकारी नियंत्रकाचं) रूट विंडोजच्या यादीत होतं, म्हणून विंडोजवरची सॉफ्टवेअर धोक्यात आली. फायरफॉक्सच्या यादीत ते नव्हतं, तो सुटला.

चालू प्रोजेक्टचं डिफॉल्ट बदलायचं असेल तर एक आवृत्ती नुसता इशारा द्या, पुढच्या मोठ्या आवृत्तीत बदल करा आणि जुन्या वागणुकीकडे जायची वाट काही काळ उघडी ठेवा.

जुनी घाण शोधणं

रिपॉझिटरीत हे शब्द ग्रेप करा, म्हणजे शोधा: 'व्हेरिफाय=फॉल्स', 'सर्ट_नन', 'रिजेक्टअनऑथोराइज्ड: फॉल्स', 'इनसिक्युअरस्किपव्हेरिफाय', 'स्ट्रिक्ट-एसएसएल', आणि स्क्रिप्ट्समधलं कर्लचं '-के'. 'डिसेबल_वॉर्निंग्ज' सापडलं तर त्याच्या आसपास नक्की काहीतरी लपवलेलं असतं. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल --लिस्ट' मध्ये 'एचटीटीपी.एसएसएलव्हेरिफाय=फॉल्स' दिसलं तर '--अनसेट' करा. होम फोल्डरच्या बॅशआरसीत 'गिट_एसएसएल_नो_व्हेरिफाय' किंवा 'नोड_टीएलएस_रिजेक्ट_अनऑथोराइज्ड=०' पडलंय का तेही पाहा. ती ओळ कोणी टाकली हे कोणालाच आठवत नसतं.

मग टेस्ट लिहा, पण उलटी. बॅडएसएसएल.कॉम या साइटचे 'एक्स्पायर्ड', 'राँग.होस्ट', 'सेल्फ-साइन्ड' आणि 'अनट्रस्टेड-रूट' हे सबडोमेन मुद्दाम बिघडवून ठेवलेले आहेत. चौघांशीही जोडणी फसली तरच टेस्ट पास. हीच टेस्ट हॉटस्पॉटवर पास आणि फायरवॉलच्या मागे नापास झाली, विशेषतः 'एक्स्पायर्ड' बिनबोभाट उघडलं, तर फायरवॉल स्वतः पलीकडची पडताळणी न करता बिघडलेल्या साइटलाही आपलं ताजं सर्टिफिकेट चिकटवतोय. त्यावर तुमच्या कोडमध्ये इलाज नाही. आउटपुट जोडून अ‍ॅडमिनला मेल करा आणि फायरवॉलमधली अवैध सर्टिफिकेट अडवण्याची सेटिंग चालू करायला सांगा.